कंदीलपुष्प घरी लावताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. ती मुख्यतः पुणे, सातारा, नाशिक या पट्ट्यातल्या गच्ची-बाल्कनीसाठी आहेत. कोकण आणि विदर्भात जिथे वेगळं करावं लागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

कंदीलपुष्प म्हणजे नेमकं कोणतं झाड?

रुईच्या कुळातली ही एक नाजूक वनस्पती. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. कुठे हिला खरपुडी म्हणतात, तर एका केसाळ जातीला हमण. भारतात हिच्या पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच सह्याद्री सोडून जगात कुठेच सापडत नाहीत. जमिनीत कंद असतो, त्यावर फक्त पावसाळ्यापुरती वेल येते.

फूल बोटाच्या दोन पेरांएवढं. तळाशी फुगीर, मध्ये अरुंद नळी आणि वर पाच पाकळ्या टोकांशी एकमेकींना चिकटलेल्या. पाकळ्यांच्या मधल्या फटी म्हणजे कंदिलाच्या खिडक्या. रंग बहुधा फिकट हिरवा, पिवळसर किंवा जांभळट, त्यावर ठिपके. लांबून काहीच दिसत नाही, जवळ गेल्यावरच कळतं. गच्ची रंगाने भरून टाकायची असेल तर हे तुमचं झाड नव्हे, सरळ झेंडू लावा.

सगळ्याच जाती वेली नसतात. हरिश्चंद्रगडावरची सेरोपेजिया लॉई ताठ उभी वाढते. कासच्या बाजूला मिळणारी सेरोपेजिया जैनी जेमतेम वीतभर होते आणि गवतात दडून बसते.

परदेशी पुस्तकांत ‘अल्पाइन’ फुलं म्हणतात, त्यातलंच हे का?

नाही. जिथे थंडीमुळे झाडंच वाढत नाहीत अशा उंचीवरची ती फुलं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटर. तरी त्या पुस्तकांतलं निम्मं तंत्र आपल्याला चालतं, कारण सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट उघड्या कातळावरची, परिस्थिती बरीच तशीच आहे. खडकावर दोन-चार इंच माती, सतत वारा, वाढायला वर्षातले तीन-चार महिने. त्यामुळे दोन्हीकडची झाडं बुटकी राहतात आणि बरीचशी आपली शिदोरी जमिनीखाली साठवतात. भरपूर खडे, पाण्याचा झटपट निचरा आणि कमी खत हे तिन्ही नियम जसेच्या तसे उचला.

उरलेलं निम्मं मात्र उलटं आहे. तिकडची फुलं हिवाळ्यात बर्फाखाली झोपतात. आपली दिवाळीनंतर झोपतात आणि अख्खा उन्हाळा कोरड्या मातीत काढतात. बियांना फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला कुठे वाचलात तर तो इथे लागू नाही.

हिमालयातली फुलं पुण्यात येतील का?

अगदी उंचावरची नाही येत. दिवसाच्या उन्हापेक्षा आपल्या गरम रात्रीच त्यांना मारतात. लोक हमखास विचारतात, “आमच्याकडे ब्रह्मकमळ आहे की!” ते निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं झाड. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं आहे आणि ते कुंडीत पान खोचून वाढत नाही.

पहिल्यांदाच लावतो आहे. कोणती जात घेऊ?

सेरोपेजिया बल्बोसा. राजस्थानपासून दक्षिणेपर्यंत कोरड्या भागांतही ती रानात वाढते, त्यामुळे नागपूर-अकोल्याचा उन्हाळाही सोसते. पानं जाडसर, कंद चपटा गोल, फुलं लहान पण भरपूर. तिच्यावर हात बसला की सेरोपेजिया हिर्सूटा, म्हणजे हमण. फूल मोठं, वेल दणकट.

एखाद-दोन डोंगरांपुरत्या उरलेल्या जातींच्या मागे घरी लागू नका. नाशिकजवळच्या अंजनेरीचं नाव घेऊन मिरवणारी सेरोपेजिया अंजनेरिका त्यातलीच. त्यांच्यावर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. बियांपासून रोपं करून ती टिकवण्याचं हे काम नोंदी ठेवून, मूळ ठिकाण सांभाळून करावं लागतं. गच्चीत ते होत नाही.

ट्रेकला गेलो होतो, एकच कंद आणला तर काय बिघडतं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि दर वेळी त्यात ‘एकच’ असतो.

आधी कायद्याचं. कास असो की दुसरं कुठलं राखीव जंगल, तिथून झाड, कंद, बी काहीही उचलणं भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे. कास पठार तर २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांमध्ये आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जमत नाही. यांतल्या काही जातींची एका उतारावर मोजकीच झाडं असतात. एक कंद गेला म्हणजे एक झाड गेलं, त्याची पुढच्या अनेक पावसाळ्यांतली फुलं गेली आणि शेजारच्या झाडाला परागकण देणारा जोडीदारही गेला. ही झाडं स्वतःच्याच परागकणांवर सहसा फळ धरत नाहीत, त्यामुळे उरलेलं एकटं झाड फुलत राहतं पण बी देत नाही.

शिवाय तो कंद तुमच्याकडे जगण्याची शक्यताही कमीच. कंद बहुधा दगडाच्या फटीत बसलेला असतो. काठीने उकरताना त्याला खोक पडते, मुळं तुटतात आणि पिशवीतल्या दमटपणात घरी पोचेपर्यंत जखम कुजायला लागते.

मग आणायचं कुठून?

बियांपासून रोपं करणाऱ्या माणसाकडून. देशी झाडांच्या रोपवाटिका, गच्चीवर बाग करणाऱ्यांचे गट, बियांची देवाणघेवाण करणारी मंडळी यांत चौकशी करा. विकणाऱ्याला सरळ विचारा, “हे तुम्ही वाढवलंत की डोंगरावरून आलंय?” उत्तर गुळमुळीत आलं तर घेऊ नका. कुंडीत रुजलेलं, नवी पानं फुटलेलं रोप चांगलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, एकेक वेगळ्या आकाराचे, तुटक्या मुळांचे मोठे कंद कोणी पावसाळ्यात विकत असेल तर ते कुठून आले हे विचारायचीही गरज नाही.

माती कोणती?

इथेच सगळं ठरतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच डोंगररांगेत ही झाडं मजेत वाढतात. म्हणजे पाऊस यांना कुजवत नाही, साचलेलं पाणी कुजवतं. उतारावरच्या मुरमातून पाणी थांबतच नाही.

मी वापरतो ते मिश्रण असं : दोन भाग जांभ्याचा किंवा भाजक्या विटांचा चुरा, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेला पालापाचोळा. चुरा चाळून घ्या. पिठासारखी बारीक पूड टाकून द्या, हरभऱ्याएवढे तुकडे ठेवा. ही पूड राहिली तर दोन पावसांत खाली बसून चिखलाचा थर होतो आणि बाकीची मेहनत वाया जाते. काळी माती अजिबात नको. कोकोपीटही शक्यतो नकोच. ते पावसाळ्यात पाणी धरून ठेवतं, आणि उन्हाळ्यात एकदा पूर्ण वाळलं की पाणी लवकर शोषत नाही.

मिश्रण जमलं का हे पाहायला कुंडीत तांब्याभर पाणी ओता. पाणी वर तुंबून न राहता लगेच खालच्या भोकातून धार लागली पाहिजे. थेंब थेंब यायला लागलं तर अजून चुरा घाला.

कुंडी?

मातीची, आठ इंची. फार खोल नको. रिकाम्या खोल मातीत ओल उरते. भोक मोठं हवं, त्यावर खापराचा तुकडा. खाली ताटली ठेवू नका. कंद एक ते दीड इंच खोल बसवा, कोंब फुटण्याची जागा वर, आणि मातीवर बोटाच्या पेराएवढा बारीक खडीचा थर द्या. खडीमुळे पावसाचे थेंब माती उडवत नाहीत आणि देठाच्या बुडाशी ओल राहत नाही.

ऊन किती लागतं?

सकाळचं तीन-चार तास भरपूर झालं. रानात वेल झुडपांच्या आधाराने चढते : बूड सावलीत, शेंडा उन्हात. घरीही तसंच करा. कुंडीसमोर दुसरी बुटकी कुंडी ठेवून बूड झाका आणि वेलीला सुकलेली फांदी खोचून द्या. गुळगुळीत लोखंडी सळईवरून वेल घसरते.

पाणी कधी आणि किती?

पाऊस चालू असेल तर देऊच नका. उघडीप पडली की माती वरून इंचभर सुकल्यावर द्या. मुंबईत आणि कोकणात कुंडी थेट पावसात ठेवायला हरकत नाही, फक्त ती विटांवर उचलून ठेवा.

पंचाईत होते ती मे महिन्यातल्या वळिवाने. दोन सरी पडतात, कंद जागा होतो, कोंब येतो आणि मग पुढचे तीन आठवडे कडकडीत ऊन. कोंब आला असेल तर खरा पाऊस सुरू होईपर्यंत दोन-तीन दिवसांनी थोडं पाणी द्या. ते नको असेल तर मेमध्ये कुंडी छपराखाली घ्या आणि मृगाचा पाऊस लागला की बाहेर काढा. मी दुसरं करतो.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडली आणि वेल वाळली. मेलं का?

नाही, झोपलं. पण जास्तीत जास्त कंद इथेच मरतात, आणि तेही प्रेमापोटी. पानं पिवळी दिसली की माणूस घाबरतो, पाणी वाढवतो, खत घालतो. पाणी प्यायला पान उरलेलं नसतं, माती ओली राहते आणि कंद आतून सडतो.

पहिलं पान पिवळं पडलं की पाणी निम्मं करा, वेल पूर्ण वाळली की बंद. वाळलेली वेल ओढू नका, ती आपोआप सुटते. ओढलीत तर कंदाचा डोळाच उपटून येतो. कुंडीवर नाव आणि महिना लिहा, नाहीतर रिकामी समजून कोणीतरी त्यात मिरची लावतं. मग कुंडी सावलीत, पाऊस आणि बागेचा पाइप पोचणार नाही अशा जागी ठेवून द्या, थेट मेपर्यंत. मुंबईत हवाच दमट असते, तिथे ती घरात कपाटावर ठेवली तरी चालते. विदर्भात गच्चीचा तापलेला स्लॅब टाळा, कुंडी जिन्याखाली ठेवा.

याला एक अपवाद आहे. पहिल्या वर्षाच्या रोपांचे कंद वाटाण्याएवढे असतात आणि सात महिने पूर्ण कोरडे राहिले तर सुकून जातात. त्यांना महिन्यातून एकदा कुंडीच्या कडेने दोन चमचे पाणी द्या.

कंद जिवंत आहे का, हे कसं पाहायचं?

मेच्या शेवटी बोटाने माती सारून कंद हलका दाबा. घट्ट लागला तर ठीक. थोडा सुरकुतला असला तरी पावसात भरतो. मऊ लागला, पोकळ वाटला किंवा कुबट वास आला तर गेला. सारखं उकरून बघू नका. वर्षातून एकदा पुरे.

खत कोणतं घालू?

कुठलंच नाही. सड्यावरची माती मुळातच निकस असते आणि ही झाडं त्यातच वाढलेली आहेत. शेणखत, गांडूळखत घातलं तर वेल हिरवीगार माजते, फुलं धरत नाही आणि कंद लवकर कुजतो. दर दोन वर्षांनी माती बदलली की झालं.

फुलं भरपूर येतात पण शेंगा का धरत नाहीत?

त्यासाठी फुलाच्या आत काय चालतं ते पाहावं लागेल. सकाळी उमललेलं एक फूल घ्या आणि ब्लेडने उभं चिरा. नळीच्या आतल्या बाजूला बारीक केस दिसतील, सगळ्यांची टोकं खाली वळलेली. वासाने आलेली चिमुकली माशी खिडकीतून आत शिरते, नळीतून घसरत तळाच्या फुगीर खोलीत पोचते आणि वर यायला लागली की हे केस तिला अडवतात. बाहेर पडता येत नाही. ती खोलीत धडपडत असताना परागकणांच्या दोन पिवळट गोळ्या, एकमेकींना जोडलेल्या, तिच्या सोंडेला चिकटतात. नंतर केस कोमेजतात आणि माशी सुटते. ती दुसऱ्या फुलात पुन्हा अडकली तरच त्या गोळ्या योग्य फटीत बसतात आणि फळ धरतं.

म्हणजे तीन गोष्टी हव्यात : ती माशी, दुसरं फूल आणि ते फूल शक्यतो दुसऱ्या झाडाचं. एकाच कंदाच्या वेलीवर शंभर फुलं आली तरी शेंग न धरणं हे नेहमीचंच. वेगवेगळ्या बियांपासून आलेली निदान दोन-तीन रोपं जवळ ठेवा. बागेत कीटकनाशक मारत असाल तर शेंगेची आशा सोडा, कारण त्या माश्या डासांपेक्षाही नाजूक असतात.

हाताने परागीकरण करता येतं, पण भिंग, सुई आणि स्थिर हात लागतो. एकदा करून बघायला मजा येते, दर वर्षी करण्याजोगं ते काम नाही.

शेंगा आल्या. बी कधी काढायचं, कसं पेरायचं?

शेंगा जोडीने येतात, शिंगांसारख्या बारीक आणि लांब. हिरव्याच्या तपकिरी व्हायला लागल्या की त्यांना जाळीदार कापडाची पुरचुंडी बांधा. विसरलात तर एखाद्या दुपारी शेंग उकलते, प्रत्येक बीला रेशमी तंतूंचा झुपका असतो आणि सगळं बी शेजाऱ्यांच्या गच्चीत जातं.

बी ताजं पेरलेलं उत्तम. थंडीत मिळालं तर कागदी पाकिटात कोरडं ठेवा आणि जूनमध्ये पेरा. वर्षाहून जुनं ठेवू नका. झुपका चिमटीने काढा, बी मातीवर आडवं ठेवा, वर वाळूचा पातळ थर. एक-दोन आठवड्यांत रुजतं. पहिल्या पावसाळ्यात चार पानं आणि कंदाचा दाणा, एवढंच होतं. फूल साधारण दुसऱ्या किंवा तिसऱ्या पावसाळ्यात.

पिवळ्या रंगाचा मावा पडला आहे. औषध?

रुईवर दिसतो तोच तो. ओल्या बोटाने पुसून काढा किंवा पाण्याची धार मारा. पिठ्या ढेकूण असेल तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून टिपा. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली तर ती बहुधा प्लेन टायगर फुलपाखराची. वेल मोठी असेल तर तिला खाऊ द्या. कंद शाबूत असतो, वेल पुन्हा फुटते. कोवळ्या रोपावर असेल तर अळी उचलून रुईच्या झाडावर सोडा.

हा कंद खातात म्हणे?

बल्बोसाचा कंद गुराखी आणि आदिवासी खात आले आहेत. पण न ओळखता कुठलाही रानकंद तोंडात घालू नका. पावसाळ्यात त्याच झुडपांवर चढणाऱ्या कळलावीचा कंद जीवघेणा विषारी असतो.

याच पद्धतीने पठारावरची सीतेची आसवं, दवबिंदू, हबे आमरी ही रानफुलं लावता येतील का?

नाही. सीतेच्या आसवांना वाहत्या पाण्याची पातळ ओल लागते, दवबिंदूला नळाचं क्षारयुक्त पाणी सोसत नाही. आमरीचं बी रुजायलाच विशिष्ट बुरशीची सोबत लागते. ती पठारावरच जाऊन बघा. सड्यावरचं काहीतरी सोपं हवं असेल तर रानतेरडा किंवा सोनकीचं बी मिळवा. दोन्ही पहिल्याच पावसाळ्यात फुलतात.

वाढवलेली रोपं डोंगरावर परत नेऊन लावू का?

भावना चांगली आहे, पण नको. तुमचं रोप कुठल्या डोंगराच्या वंशातलं हे बहुधा ठाऊक नसतं. गच्चीतल्या मातीबरोबर कीड, बुरशी आणि तणाचं बीही जातं. शिवाय वनखात्याच्या परवानगीशिवाय राखीव जंगलात काही लावताही येत नाही. जास्तीची रोपं मित्रांना द्या.

आम्ही अमेरिकेत राहतो. गावाकडून कंद आणता येईल?

बॅगेत घालून नाही. कंद-बियांना दोन्हीकडची कागदपत्रं लागतात आणि विमानतळावर ते जप्त होतात. तिकडच्या नर्सरीत ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ नावाची टांगती वेल मिळते, तीही सेरोपेजियाच, दक्षिण आफ्रिकेकडची. फुलाची घडण तीच, छोटी आवृत्ती. ती घरात वर्षभर हिरवी राहते, म्हणून आपल्या जातींइतका कडक उपास तिला घडवू नका.

उंदीर कंद खाऊन जातात. काय करू?

रानात हेच काम साळिंदर करतं, शहरात उंदीर आणि घुशी. झोपेच्या महिन्यांत कुंडीच्या तोंडावर अर्ध्या इंचाच्या भोकांची लोखंडी जाळी वाकवून बसवा आणि तारेने आवळा. प्लास्टिकची जाळी एका रात्रीत कुरतडली जाते. पाऊस लागायच्या आधी जाळी काढायची आठवण ठेवा. कोंब तिच्यातून वर आला की जाळी काढताना शेंडा मोडतो आणि नवा फुटेपर्यंत श्रावण अर्धा सरलेला असतो.